किटच्या बंपरवरचा क्रोम उतरवायचा कसा

सोलापुरातल्याच एका इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारलं आहे: "काका, मामाने अमेरिकेहून १:२५ मापाचं जुन्या गाडीचं, सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल किट पाठवलंय. बंपर, ग्रिल, आरसे, व्हीलकॅप सगळं क्रोमचं. मागच्या बंपरचे दोन भाग प्लास्टिक सिमेंटने धरतच नाहीत आणि वरून साच्याची रेघ दिसते. क्रोम काढावा म्हणून एक आरसा रंगाच्या थिनरमध्ये टाकला, तर त्याचं च्युइंगगम झालं. कुणी ब्लीच सांगतंय, कुणी कॉस्टिक, कुणी ब्रेक ऑइल. नक्की काय वापरू?"

आधी आरशाचं. तो गेला, त्याच्यामागे वेळ घालवू नकोस. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन आणि एनसी थिनरमध्ये, म्हणजे तुझ्या त्या रंगाच्या थिनरमध्ये, टोल्युइन, अ‍ॅसिटोन असली मंडळी बसलेली असतात. दोघांची गाठ पडली की प्लास्टिक विरघळणारच. तुझं प्लास्टिक सिमेंट तरी वेगळं काय करतं? तेच करतं, फक्त थेंबभर आणि हव्या त्या जागी. तेव्हा एनसी थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल, या तिघांना क्रोम काढायच्या कामात उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही.

मी तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगमध्ये काढली. किट बनवणं हा घरचा नाद. ब्लीच आणि कॉस्टिक म्हणजे आम्हा डाइंगवाल्यांची रोजची भाजीभाकरी, त्यामुळे क्रोम काढणं मला डाव्या हाताचा मळ वाटायचा. तरी पहिली चार-पाच किटं मी बिघडवलीच. कारण एकच. क्रोम म्हणजे एक थर, तो निघाला की खाली कोरं प्लास्टिक, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिथे तीन थर असतात, आणि मधल्या धातूचं औषध वेगळं, त्याच्या वर-खालच्या थरांचं वेगळं. तुला ब्लीच, कॉस्टिक आणि ब्रेक ऑइल अशी तीन उत्तरं मिळाली ती म्हणूनच. सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण सगळे एकाच थराबद्दल बोलत नाहीत.

तर आधी हा क्रोम म्हणजे काय ते बघ. त्यात क्रोमियम नावालाही नसतं. कारखान्यात साच्यातून निघालेला भाग स्प्रूसकट, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या कांड्यांच्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यासकट घेतात आणि त्यावर आधी एक वार्निशसारखं पारदर्शक लॅकर मारतात. प्लास्टिकचा बारीक खडबडीतपणा त्याखाली बुजतो आणि पृष्ठभाग काचेसारखा होतो. मग हे स्प्रू मोठ्या टाकीत फिरत्या रॅकवर टांगतात, टाकीतली हवा खेचून घेतात आणि टंगस्टनच्या तारेवर ठेवलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात. ती वाफ सगळीकडे जाऊन बसते. थर किती, तर एका मायक्रॉनचाही लहानसा अंश. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज कर. एवढं नाजूक अ‍ॅल्युमिनियम बोट लागलं तरी पुसलं जाईल, म्हणून त्याच्यावर पुन्हा एक पातळ लॅकर. किटमध्ये सोनेरी भाग येतात तेही असेच, फक्त वरच्या लॅकरमध्ये पिवळा रंग मिसळलेला असतो.

म्हणजे खाली लॅकर, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा श्वास आणि वर पुन्हा लॅकर. तुझं सिमेंट बंपरला का धरत नाही ते आता कळेल. सिमेंटला पॉलिस्टायरीन विरघळवून दोन्ही बाजू एकजीव करायच्या असतात आणि त्याच्या वाट्याला येतं लॅकर. जोड बसला असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी हातात घेतला की कट्‌कन सुटतो.

यावरूनच एक आडवळणाचं सांगतो. सगळ्या भागांचा क्रोम काढायची गरज नसते. जिथे नुसतं चिकटवायचं आहे आणि जोड मागे लपणार आहे, तिथे सांध्यापुरता क्रोम ब्लेडने खरवडून कोरं प्लास्टिक उघडं केलं की काम झालं. व्हीलकॅपच्या पाठीमागे असंच कर. पूर्ण उतरवायचा तो फक्त जिथे साच्याची रेघ डोळ्यात भरते, दोन अर्धुकं जोडून सांधा घासायचा आहे, किंवा स्प्रूवरून तोडल्याची जागा समोरच येते तिथे. तुझ्या बाबतीत मागचा बंपर नक्की, कदाचित पुढचाही. ग्रिलची रेघ कडेला जात असेल तर तिला हात लावू नकोस. कारखान्याने दिलेली ती चकाकी घरी परत आणणं सोपं नाही, त्याचं पुढे सांगतो.

आता खात्री करायची की आपल्यासमोरचा क्रोम याच जातीचा आहे. किटचा असला तर जवळपास नेहमी हाच. पण मोटरसायकलचं चिन्ह, बाथरूमच्या नळाची प्लास्टिकची टोपी, गाडीची खरी ग्रिल, यांच्यावर असतो तो खरा इलेक्ट्रोप्लेटिंगचा क्रोम. खाली एबीएस प्लास्टिक, त्यावर तांबं, निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम. तो ब्लीचमध्ये आठवडाभर ठेवला तरी तुझ्याकडे बघून हसेल. ओळखायची युक्ती सोपी आहे. कोपऱ्यात ब्लेड ओढ. किटचा असेल तर चांदीची पूड निघते आणि लगेच प्लास्टिक दिसतं. इलेक्ट्रोप्लेटिंगचा असेल तर ब्लेड घसरतं किंवा धातूचा पापुद्रा उचलला जातो. मल्टिमीटर असेल तर दोन टोकं पृष्ठभागावर ठेव. खऱ्या प्लेटिंगमधून बीप येतो. किटच्या क्रोमवर वरचं लॅकर आडवं येतं, त्यामुळे सहसा बीप येत नाही.

हात बसवायला स्वस्तातला माल हवा असेल तर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत जा की. तिथल्या खेळण्यातल्या गाड्यांच्या बंपर-चाकांवर बहुतेक वेळा हाच वाफेचा क्रोम असतो. माझे पहिले यशस्वी प्रयोग तिथल्याच एका लाल जीपवर झाले. पोरं रडली, पण विद्या मिळाली. एक मात्र पाहून घे. खेळण्याची बॉडी जस्ताच्या ओतीव धातूची असेल तर तिला कॉस्टिक लावू नकोस, जस्तालाही ते खातं.

आता ब्लीच. किराणा दुकानात पांढरे कपडे धुवायला मिळतं तेच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. घरगुती बाटलीत ते साधारण ४ ते ६ टक्के असतं. आमच्याकडे डाइंगमध्ये याला नुसतं 'हायपो' म्हणायचे. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत ते वेगळं, सोडियम थायोसल्फेट, आणि गंमत अशी की ते क्लोरीन मारायच्या कामी येतं. दुकानात नुसतं 'हायपो द्या' म्हणालास आणि दुकानदार जुना असला तर भलतीच पुडी हातात येईल. ब्लीच टिकावं म्हणून त्यात थोडं जास्तीचं कॉस्टिक सोडलेलं असतं आणि अ‍ॅल्युमिनियम खाण्यात त्या कॉस्टिकचा मोठा हात असतो. पॉलिस्टायरीनला दोन्ही काही करत नाहीत.

झाकणाचा प्लास्टिकचा डबा घे आणि बिनपाण्याचं ब्लीच भाग बुडेल एवढं ओत. भाग स्प्रूसकटच टाक. सुटे करून टाकशील तर नंतर कुठला तुकडा कुठल्या नंबरचा ते शोधत बसशील, आणि आरशाएवढे तुकडे मोरीच्या जाळीतून कधी गेले ते कळणारही नाही. सुटे टाकायचेच असले तर प्लास्टिकची चहाची गाळणी वापर. स्टीलची नको, ब्लीच स्टीललाही गंजवतं. भागात लोखंडी पिन, स्क्रू किंवा स्प्रिंग असेल तर आधी काढून ठेव. टायर आणि काचेचे भाग या डब्याच्या आसपासही फिरकायला नकोत.

पहिली काही मिनिटं काहीच होत नाही आणि नवखा माणूस इथेच घाबरून काहीतरी मिसळायला जातो. थांब. वरचं लॅकर ब्लीचला आत येऊ देत नाही. ब्लीच शिरतं ते कडांमधून, स्प्रूच्या तोडलेल्या टोकातून, बारीक ओरखड्यातून. म्हणून बुडवण्याआधी लपलेल्या जागी दोन-चार ओरखडे मारून ठेवले तर काम लवकर सुरू होतं. मग कडा आधी मंद पडतात, टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसतात, चांदीवर राखाडी पदर चढतो आणि अचानक एका बाजूने खालचं पांढरं प्लास्टिक डोकावतं. तिथून पुढे मात्र ते पावसाच्या पाण्यासारखं पसरतं. कुठल्या किटचा क्रोम दहा मिनिटांत जातो, कुठल्याचा रात्रभर घेतो. वरचं लॅकर किती जाड मारलं आहे त्यावर सगळं.

रात्रभर ठेवूनही काही झालं नाही तर किटला दोष देण्याआधी बाटलीची तारीख बघ. एका मे महिन्यात मी तीन दिवस एक रेडिएटर ग्रिल ब्लीचमध्ये ठेवली होती. तिसऱ्या दिवशीही ती नव्या नवरीसारखी चमकत होती. मग लक्षात आलं की बाटली गेल्या उन्हाळ्यापासून खिडकीच्या फळीवर पडून होती. ऊन आणि उष्णता दोन्ही ब्लीचची ताकद खातात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा खिडकीतल्या बाटलीत शेवटी उरतं ते खारट पाणी. शंका आली तर जुन्या निळ्या जीन्सच्या तुकड्यावर थेंब टाक. थोड्या वेळात पांढरा डाग पडला तर बाटलीत जीव आहे. कपाटात, अंधारात, खालच्या खणात ठेवावी. डाइंगमधलं कॅनमधलं हायपो मिळालं तर ते घरगुतीपेक्षा बरंच कडक असतं. एकाला दोन पाणी घालून वापर, आणि बंद खोलीत त्याचं झाकण उघडू नकोस.

ब्लीचने भागत असेल तर कॉस्टिकच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. गटार मोकळं करायच्या पुड्यांमध्ये बहुतेक वेळा तेच असतं. आपल्या गावात डाइंगचं सामान विकणाऱ्या दुकानात फ्लेक्स सहज मिळतात, कारण चादर-टॉवेलचं सूत शिजवण्यापासून व्हॅट रंग चढवण्यापर्यंत कॉस्टिकवाचून पान हलत नाही. अ‍ॅल्युमिनियमला ते ब्लीचपेक्षा कितीतरी भराभर खातं. लॅकर फाटलेलं असेल तर क्रोम डोळ्यांदेखत, मिनिट-दोन मिनिटांत जातो. एक लिटर पाण्याला २० ग्रॅम फ्लेक्स पुष्कळ झाले. लोक पाव किलो टाकतात. अरे, मायक्रॉनच्या अंशाएवढं अ‍ॅल्युमिनियम खायचं आहे, सायकल नाही.

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही. ते विरघळताना तापतं, उलटं केलं तर उकळून तोंडावर उडतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा, यात सूट नाही. पूर्ण गार झाल्यावरच भाग टाक. गरम कॉस्टिक जास्त जोरात चालतं हे खरं, पण पातळ भाग उष्णतेने वाकतात. आणि ज्या दिवशी घरात पाणी भरलेलं नसेल त्या दिवशी कॉस्टिकची पुडी फोडायची नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा आधी दोन बादल्या भरून शेजारी ठेव. डोळ्यात थेंब गेला तर किमान १५-२० मिनिटं सतत पाणी मारत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. डाइंगमध्ये मी एका माणसाचा डोळा जाता जाता वाचलेला पाहिला आहे, तो केवळ शेजारी पाण्याची टाकी होती म्हणून.

भांडं प्लास्टिकचं घे. हे सांगायची वेळ माझ्यावर का आली ते ऐक. एकदा रिकामा डबा सापडेना म्हणून मी आईचं दुधाचं जुनं पातेलं घेतलं, त्यात कॉस्टिकचं पाणी केलं, बंपर सोडला आणि बातम्या बघायला बसलो. आतून फसफस आवाज यायला लागला. जाऊन बघतो तर पातेलं सोड्याच्या बाटलीसारखं उसळतंय, हात लावला तर चटका. पातेलं अ‍ॅल्युमिनियमचं होतं! त्या रसायनाला बंपरवरचं अ‍ॅल्युमिनियम आणि पातेल्याचं अ‍ॅल्युमिनियम यातला फरक कोण सांगणार? वर निघत होता तो हायड्रोजन आणि दोन हातांवर गॅसची शेगडी चालू होती. आधी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि पातेलं मोरीत नेऊन बादलीभर पाण्यात बुडवलं. आतून ते सरड्याच्या पाठीसारखं काळं-खरबरीत झालं होतं. आई काही बोलली नाही. पुढचे सहा महिने माझा चहा मात्र त्याच पातेल्याकडे बोट दाखवून मिळायचा. बंपरवरून निघणारा हायड्रोजन नगण्य असतो, त्याची भीती नाही. पण डबा घट्ट बंद करून ठेवू नकोस.

आणि कोणी काहीही सांगो, हे रसायनांचं लग्न लावू नकोस. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर गेलं, ज्यात आम्ल असतं, तर क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर, लिंबूही तसंच, म्हणून ब्लीचनंतर 'न्यूट्रल करायला' व्हिनेगर टाकायचं नाही, नुसतं पाणी. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, तो ब्लीचला भेटला तरी विषारी वायू. आणि पुढच्या पायरीत आपण अल्कोहोल किंवा डेटॉल वापरणार आहोत, तेही ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. मध्ये वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं धुणं आणि पूर्ण वाळवणं आलंच. डबेही वेगवेगळे ठेव.

इथपर्यंत आलास की चांदी गेलेली असेल आणि तू म्हणशील, झालं. बहुतेक लोक इथेच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारतात आणि दोन महिन्यांनी विचारतात की रंग पापुद्र्याने का निघाला. भाग उजेडात तिरका धरून बघ. प्लास्टिक कोरं असतं तेव्हा त्याला दुधाळ, मंद पोत असतो. तुला दिसेल तो जरा पिवळसर, ओला ओला चकाकणारा, जणू कोणी वर मध फासलाय. ते खालचं लॅकर. ब्लीच त्याला सहसा शिवत नाही आणि चार दिवस जास्त ठेवलंस तरी शिवणार नाही. ग्रिलच्या आडव्या पट्ट्यांमधल्या फटी, अक्षरांच्या कडा, बोल्टची डोकी यांत ते साचलेलं असतं, म्हणून क्रोमचे भाग नेहमी थोडे फुगल्यासारखे वाटतात. ते काढलं की साच्यात किती बारकावे होते ते पहिल्यांदा दिसतं. एका इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरवर मला लॅकरखाली पंख्यासारख्या रेघा सापडल्या होत्या. आधी मी ते सपाट झाकणच समजत होतो.

या लॅकरसाठी माझी पहिली पसंती आयपीएला, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराला विचार, तो सर्किट पुसायला ९९ टक्क्यांचं वापरतो आणि कुठे मिळतं तेही सांगेल. हात धुवायचं सॅनिटायझर चालेल का, असं विचारशील. जेलचं नको. पातळ असेल तर चालतं, पण पाणी जास्त असल्याने रेंगाळतं. वाळलेला भाग आयपीएत बुडव, झाकण लाव आणि अर्ध्या तासाने बघ. लॅकर सुटायला लागलं की दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. मग जुन्या मऊ टूथब्रशने, त्याच द्रवात बुडवून, एकाच दिशेने घास. फटीत अडकलेलं टूथपिकने काढ, सुईने नको, सुई प्लास्टिकवर ओरखडा ठेवते. एका फेरीत निघालं नाही तर पुन्हा बुडव. पारदर्शक भाग आयपीएत टाकू नकोस, त्यात बारीक तडे जाऊ शकतात. आणि ते पेटतं, तेव्हा देवघरात उदबत्ती चालू असताना हे काम करायचं नाही.

आयपीएने हात टेकले तर डेटॉल. हो, तोच जखमेला लावायचा, पाणी न घालता. त्यात टर्पिनिऑल आणि अल्कोहोल असतं, ती जोडी लॅकर आणि रंग दोन्ही मऊ करते. २४ तास ठेव. घरभर दवाखान्याचा वास येईल, ते सोसायचं. यातली गोम अशी की बाहेर काढल्यावर भाग थेट पाण्याखाली धरायचा नाही. पाणी लागलं की तो सगळा गाळ पांढरा, चिकट, तुपाच्या बेरीसारखा होऊन फटीत बसतो आणि मग तो काढताना जीव जातो. आधी डेटॉलमध्येच ब्रश बुडवून घास, मग भांड्याचं लिक्विड हातावर घेऊन चोळ आणि मगच पाणी. मी हे तीन किटं चिकट करून शिकलो.

ब्रेक ऑइल हे शेवटचं अस्त्र. गॅरेजवाले ज्याला डॉट ३ किंवा डॉट ४ म्हणतात ते ग्लायकोलच्या जातीचं असतं आणि लॅकरवर चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याचा उपयोग नाही. पण ते त्वचेला बरं नाही, गाडीच्या टाकीवर थेंब पडला तर तिचाही रंग उचलतं आणि फार वेळ ठेवलं तर पातळ भाग ठिसूळ होऊ शकतात. दर तासाला बघत राहायची तयारी असेल तरच. वापरलेलं मोरीत ओतू नकोस, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या डब्यात दे. मी स्वतः गेल्या कित्येक वर्षांत त्याला हात लावलेला नाही.

सगळं निघालं की भांड्याच्या लिक्विडने शेवटचं धुणं. बोअरच्या पाण्याने धुतलंस तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग उठतात आणि ते चकाकत्या काळ्या रंगाखालून हमखास वर येतात. शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा दे. वाळवायचं पंख्याखाली, सावलीत. गच्चीवर नको, आपल्या उन्हात तापलेल्या फरशीवर पातळ ग्रिल वाकू शकते.

आता बंपर जोड. सिमेंट नीट धरेल. दोन दिवस वाळू दे, मग ४००, ८००, १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून सांधा आणि साच्याची रेघ घास. नखाला लागेनासं झालं की झालं.

परत चमक आणण्याबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र विषय आहे. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन, असेल तर चकाकता काळा रंग आरशासारखा गुळगुळीत मारून, पूर्ण वाळवून, त्यावर अल्क्लॅडसारखा क्रोम लॅकर १२ ते १५ पीएसआय दाबावर धुक्यासारखा हलका मारायचा. खालच्या काळ्यावर धुळीचा एक कण असेल तर तो क्रोममध्ये डोंगर होऊन दिसतो, म्हणून मी हे काम पाऊस पडून गेल्यावर करतो. एअरब्रश नसेल तर मोलोटोचा क्रोम पेन छोट्या भागांना उत्तम. पण तो अनेक दिवस बोट न लावता वाळू द्यावा लागतो आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला की त्याची चकाकी मरते. कारखान्याच्या क्रोमइतकं यातलं काहीच लख्ख होत नाही. मला तेच आवडतं. रस्त्यावरच्या खऱ्या जुन्या गाडीचा बंपर इतका लख्ख कुठे असतो? २५ पटींनी लहान गाडीवर तर तो आरसा आणखीच खोटा दिसतो.

हेडलाइटच्या आतल्या वाट्यांचा क्रोम मात्र काढू नकोस. तिथे कारखान्याचीच चमक हवी, वर काच बसली की साच्याची रेघ दिसत नाही.

राहिला आरसा. दुसरा शाबूत आहे ना? मग त्याचा क्रोम काढायच्या आधी कागदावर पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा उतरवून घे आणि जाडी स्प्रूच्या कांडीशी ताडून बघ. क्रोमच्या स्प्रूचं एखादं जाड टोक निवड, ते आधी ब्लीच आणि आयपीएतून काढ. म्हणजे तुझ्या किटला किती वेळ लागतो तेही कळेल. मग ते कानसीने घासून आरशाची वाटी कर. दांडीसाठी तीच कांडी मेणबत्तीच्या आचेवर, ज्योतीत न घालता, मऊ करून हळूच ओढ, हवी तेवढी बारीक तार निघते. गार झाल्यावर तोड आणि सिमेंटचा एक थेंब.

ब्लीचमध्ये किती वेळ लागला ते मात्र कळव. त्या किटचं लॅकर किती जाड आहे याची मलाही उत्सुकता आहे.